डब्याला भोक होतं

बाबा, तुमचा फोटो यवतमाळात एका दुकानात लावला आहे, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. दुकान कशाचं हे ऐकलंत तर हसाल. ज्या जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांनी समुद्र फक्त टीव्हीवर पाहिला आहे, तिथे पाण्याखाली फिरायला शिकवणारं दुकान निघालं आहे. स्कूबा म्हणतात त्याला. पाठीवर हवेची टाकी, तोंडात तिची नळी, डोळ्यांवर काच आणि पायात बदकासारखे पंजे. पांढरकवड्याच्या रस्त्याला बंद पडलेली दगडाची खाण आहे, तिच्यात साचलेल्या पाण्यात हा सगळा समुद्र. मालक कोण, तर तुमच्याच हाताखाली बाभुळगावच्या विहिरीत पोहायला शिकलेला, आपल्या मागच्या गल्लीतला, माझ्याच वयाचा. तुमच्या फोटोखाली त्याने 'आमचे गुरू' असं रंगवून घेतलं आहे. उद्घाटनाच्या दिवशी त्या फोटोला हार मीच घातला, आणि घालताना माझे डोळे भरून आले होते. आता त्याचीच लाज वाटते.

मी अजून दारव्ह्याच्या मुलींच्या शाळेत शिकवते. आठवीच्या मुलींना तिथे न्यायचं हे खूळ माझंच. आमच्या मुलींनी पाणी पाहिलं ते हंड्यातलं आणि बादलीतलं, एकदा तरी त्यांनी त्याच्या आत डोळे उघडावेत असं मला वाटत होतं. पण लोकांच्या पोरी पाण्यात घालायच्या तर आधी आपण उतरून पाहावं, म्हणून मागच्या रविवारी मी एकटी गेले. खरं तर त्याआधीच शहाणं व्हायला हवं होतं. तीन वेळा तारीख बदलली. फोन केला की 'मॅडम, पाच मिनिटांत करतो', आणि ती पाच मिनिटं दुसऱ्या दिवशी संपायची. अंगात घालायला दिलेला रबरी पोशाख आधीच्या माणसाच्या अंगावरून नुकताच उतरला होता, ओला आणि कुबट. काचेचा पट्टा तुटलेला, त्याला गाठ मारलेली. एक कागद पुढे केला, 'काही झालं तर जबाबदारी माझी' अशा अर्थाचा, आणि वाचायला लागले तर मालक म्हणाला, "वाचता काय ताई, घरचंच तर काम हाय." घरचंच काम म्हणून मी सही केली. भिंतीवर तुमचा फोटो होता ना.

पाण्याखाली मात्र मी सगळं विसरले, हेही सांगायला हवं. खाणीच्या दगडावर ऊन हलत होतं, बोटभर मासे माझ्या काचेशी येऊन आत डोकावत होते. पन्नाशीच्या बाईला इतका आनंद शोभतो का असं मनात आलं आणि मी नळी तोंडात असतानाच हसले. टाकीत किती हवा उरली ते दाखवणारं घड्याळ छातीशी लटकत असतं. मी ते दोनदा पाहिलं, काटा अर्ध्यावर होता. मग एक श्वास जड आला, दुसरा त्याहून जड, आणि तिसरा आलाच नाही. मालकाने माझ्या हाताशी राहायचं होतं. तो पलीकडे कुणाचा तरी व्हिडिओ काढत होता. वर दोन पुरुष पाणी होतं. तुम्ही विहिरीच्या काठावरून ओरडायचात तेच मला ऐकू आलं, "पाण्यासंग भांडू नको!" मी भांडले नाही. दुकानात शिकवलं होतं तशी तोंडातून थोडी थोडी हवा सोडत, पाय हलवत वर आले, आणि दगडाला धरून उभी राहिले.

तो घाईने आला. त्याने माझं घड्याळ हातात घेतलं, काचेवर नखाने टिचकी मारली, आणि अर्ध्यावर अडकलेला काटा माझ्या डोळ्यांदेखत शून्यावर पडला. बाबा, त्याने लगेच त्यावर अंगठा ठेवला. काठावर बसलेल्या लोकांकडे वळून, हसून म्हणाला, "काई नाई, काई नाई. मॅडम घाबरल्या."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं.

मी दहा वर्षांची आहे. उन्हाळ्याची सुट्टी, विहिरीच्या पायऱ्यांवर गावातली पोरं रांगेने बसली आहेत. तुम्ही मोटर दुरुस्तीची पिशवी बाभळीला टांगून, धोतर खोचून पाण्यात उभे. माझ्या पाठीवर तेलाचा रिकामा डबा, तोंडाला कथलाचा डाग देऊन बंद केलेला. त्याच्या जोरावर पोरं तरंगतात. मी मधोमध पोचते आणि डबा मला वर धरायचं सोडून खाली ओढायला लागतो. त्याच्या पोटात पाणी गुडगुडतं, ते मला पाठीत ऐकू येतं. तुम्ही मला दंडाला धरून बाहेर काढता. डबा सोडवता, तो कलतो, आणि त्याच्या कोपऱ्यातल्या भोकातून पाण्याची बारीक धार लागते. तुम्ही ती धार पाहता. मी तुम्हाला ती पाहताना पाहते. तुम्ही डबा फिरवून भोक आपल्या पोटाशी धरता आणि पायऱ्यांवरच्या लोकांना म्हणता, "काई नाई झालं. पोरगी घाबरली."

दुसऱ्या दिवशी अंगणात तुम्ही त्या डब्याला डाग देत होता. मी दारात उभी होते. तुम्ही मान वर केली नाही. मला वाटलं, आता सांगतील, आता म्हणतील, बाई, तुझी चूक नव्हती. तुम्ही म्हणालात, "आईले चहा मांडाले सांग."

तेव्हा मी तुम्हाला माफ केलं असं मला वाटत होतं. गावभरच्या पोरांचे आईबाप तुमच्या भरवशावर पोरं विहिरीत सोडत होते, त्यांना भोक कसं दाखवणार, एवढी अक्कल मला त्या वयातही होती. मी त्याच डब्याने पुन्हा उतरले, चार दिवसांत डब्याशिवाय पोहायला लागले. पण ते वाक्य तुम्ही विहिरीत ठेवलं नाहीत, घरी आणलंत. प्रत्येक लग्नात, प्रत्येक पाहुण्यासमोर, "आमची मोठी पाण्याले लय भेत होती जी." सगळे हसायचे, मीही हसायचे. आणि शाळेतून जिल्ह्याच्या पोहण्याच्या स्पर्धेला माझं नाव गेलं तेव्हा तुम्ही स्वतः सरांकडे जाऊन ते काढून आणलंत. "भेते ते," म्हणालात. बाबा, तुम्हाला तर ठाऊक होतं ना? की सांगता सांगता तुम्हालाही ते खरं वाटायला लागलं होतं?

सोमवारी मी दुकानात गेले. आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेले होते. म्हटलं, घड्याळ बदल, माझ्याजवळ कोणी का नव्हतं ते सांग, आणि लोकांसमोर जे बोललास ते मागे घे. त्याने चहा मागवला. 'आठवण म्हणून' माझा व्हिडिओही मोबाइलवर पाठवला. त्यात पाण्याखाली हात हलवणारी बाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान आणि चांगली गोरीगोमटी होती. मी म्हटलं, भाऊ, ही मी नाही. तो म्हणाला, "पाण्यात सारे सारकेच दिसतात, ताई." मग मात्र माझा आवाज चढला. मी म्हटलं, रविवारी तू काट्यावर अंगठा ठेवलास, मी पाहिलं.

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग तुमच्या फोटोकडे पाहून, अगदी मायेने म्हणाला, "ताई, त्या दिवशी मिस्त्रीकाकानं डबा फिरवला ना, ते म्या बी पाह्यलं होतं. पायरीवर मीच बसलो होतो. आजवर कोणाले सांगतलं काय? काकाची इज्जत म्या ठेवली. आता तुमी माही ठेवा."

चाळीस वर्षं मला वाटत होतं की ते भोक तुमच्या-माझ्यातलं आहे. तुम्ही गेलात तेव्हा ते मी एकटीच सांभाळते आहे असा मला अभिमानही होता. आणि हा माणूस ते खिशात घेऊन फिरत होता. राग त्याचा आलाच, पण खरं सांगते, त्याहून जास्त तुमचा आला. पोहण्याबरोबर हेही तो तुमच्याकडूनच शिकला होता, आणि फोटोखालची अक्षरं काही खोटी नव्हती.

आज मधल्या सुट्टीत आठवीतली एक मुलगी माझ्या टेबलाशी आली. तिची मावशी रविवारी खाणीवर होती. ओढणीचं टोक चावत तिने विचारलं, "मॅडम, तुमी खरंच घाबरल्या होत्या काय जी? मंग आमी कशा उतराव?" तिच्या चेहऱ्यावर माझी काळजी होती, बाबा. मी तिला समोर बसवलं आणि सांगितलं, "नाही गं. काटा अडकला होता. टाकीतली हवा संपली होती. मी घाबरले नव्हते." ती लगेच म्हणाली, "मंग त्यायनं असं काहून म्हटलं?"

उद्या पालकांची सभा आहे. तिथे मी काट्याचं सांगणार आहे. डब्याचंही सांगणार आहे, त्या दुकानवाल्याने सांगायच्या आधी. सभेत तुमचे काही विद्यार्थीही असतील, बाभुळगाव सोडून इकडे आलेले, आता बाप झालेले, तुमचं नाव निघालं की अजून हात जोडणारे. मग त्या दुकानात तुमचा फोटो राहील की नाही मला माहीत नाही. गावाच्या तोंडून कळण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहायला बसले. शाळेच्याच कागदावर लिहिते आहे. झालं की चुलीत घालीन.

एक गोष्ट मात्र सभेत सांगायची हिंमत माझ्यात नाही, ती इथेच ठेवते. सोमवारी दुकानात मी त्याला म्हटलं होतं, "भाऊ, बाबाचं कोणाले सांगू नको." आणि मंगळवारी शाळेत येऊन मुलींच्या खाणीवर जायच्या परवानगीच्या सगळ्या कागदांवर मी सही केली होती. ते कागद आज त्या मुलीने विचारल्यावर मी फाडले, बाबा. तिने विचारलं नसतं तर फाडले नसते.