‘चालेल’ म्हणायचं नाही

अण्णा, तुमच्या नातीची सायकल आता आवाज करत नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना तुम्ही मनातल्या मनात पाना शोधत बसाल. आज सकाळी ती सायकलवरून शाळेत गेली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात कान लावून उभी होते, आणि फक्त टायरचा आवाज आला. आत येऊन एकटीच हसले. नवरा घरूनच काम करतो, त्याने हेडफोन काढून विचारलं, काय झालं? म्हटलं, काही झालं नाही, म्हणून तर हसतेय.

आम्ही इंग्लंडात, रीडिंगला राहतो. तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्यात नोकरी करत होते, त्यामुळे हे गाव तुम्हाला ठाऊक नाही आणि ही नातही नाही. बारा वर्षांची आहे, बडबडी आहे, आणि शाळेत सायकलनेच जायचं हा तिचा हट्ट आहे. महिन्यापूर्वी तिने मला सांगितलं की डाव्या पायाखाली टक टक होतंय. मी ऑफिसच्या कॉलवर होते. तिच्याकडे न बघताच म्हटलं, "चालेल, जा." तिसऱ्या दिवशी राउंडअबाउटवर पेडल पायाखाली तिरकं झालं आणि ती पडली. मागून येणाऱ्या बसवाल्याने वेळेवर ब्रेक मारला, म्हणून गुडघा खरचटण्यावर निभावलं. सायकल ढकलत घरी आली आणि उलट मलाच समजावू लागली, "आई, इट्स फाइन. पेडल परत टाइट केला की माझा सायकल चालेल." तिच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि मी सायकल तिच्या हातातून काढून घेतली.

सायकल शेडमध्ये ठेवली, तिला बसचा पास काढून दिला, आणि तिचा फुगलेला चेहरा पाहत मी इंटरनेटवर शोधायला लागले. तुम्हाला कसं सांगू? आपल्या सायकलच्या दुकानासमोरच्या बाकावर संध्याकाळी मंडळी जमायची ना, आयुष्यात एक पंक्चर न काढलेली पण सल्ल्याला कायम तयार, तशी लाखभर माणसं एकाच बाकावर बसून एकदम बोलतायत असं समजा. मग मी तुमचीच चाळणी लावली. डाव्या पेडलला उलटे आटे असतात, ते उलटं फिरवूनच आवळतं, हे ज्याला माहीत नाही त्याचं पुढचं ऐकायचं नाही. पहिलाच देखणा तरुण, हातात स्वच्छ हातमोजे, व्हिडिओत छातीठोकपणे सांगत होता की दोन्ही पेडलं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळा. त्याला तिथेच बंद केला. उरलेल्यांना आटे माहीत होते, पण एक म्हणे गोंद लावा, दुसरा म्हणे टेप गुंडाळा, तिसरा म्हणे मी वर्षभर असाच फिरतोय. आणि प्रत्येकाचं शेवटचं वाक्य एकच, "शुड बी फाइन." म्हणजे आपलं चालेलच, फक्त इस्त्री केलेलं.

आणि मग एक पान सापडलं. करड्या रंगाचं, जाहिरात नाही, दिसायला अगदी गरीब. ग्लासगोचे एक निवृत्त मेकॅनिक ते लिहितात. फोटोत फक्त त्यांचा अंगठा दिसतो, नखात काळं. एका ठिकाणी लिहिलं होतं, इथे आधी मी चुकीचं लिहिलं होतं, एका वाचकाने दुरुस्त केलं, त्याचे आभार. ते वाचून मी खुर्चीत मागे टेकले. त्यांना फोटोसकट मेल केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की फोटोवरून मला सांगता येणार नाही. पेडल काढून आत बघा. आट्यांत चंदेरी कीस दिसला तर मुलीला त्यावर बसू देऊ नका. नाही दिसला, तर मला परत लिहा.

मला सांगता येणार नाही! अण्णा, इतके दिवस शोधत होते ते हेच वाक्य. मिरजेच्या दुकानात तुम्ही जेवायला गेला होतात ती दुपार आठवली. मी पंधरा वर्षांची, गल्ल्यापाशी बसलेली. एक शिक्षक येतात, मागे कॅरियरवर बायको, म्हैसाळला निघालेले. "पुढचं चाक जरा बघतेस का गं?" मी म्हणते, "चालेल, सर." ते जातात. तुम्ही आलात, विचारलंत, "बघितलंस का?" मी म्हटलं, "नाही." तुम्ही भाड्याची सायकल काढलीत आणि त्या उन्हात त्यांना रेल्वे फाटकापाशी गाठलंत. परत आल्यावर ओरडला नाहीत, हेच जास्त लागलं. एवढंच म्हणालात, "माहीत नसेल तर 'थांबा, वडील येऊ देत' म्हणायचं. त्यात कसली लाज? पण या दुकानात चालेल म्हणायचं नाही." त्यानंतर आईने चहा चालेल का विचारलं तरी तुम्ही "पाहिजे" म्हणायचात.

मी पेडल काढलं. आटे कीसाने भरले होते. पेडल ज्या दांड्यात बसतं तो क्रँकच बदलावा लागला. तो काढायला वेगळं हत्यार लागतं, ते नसेल तर दुकानात जा, हेही ग्लासगोच्या त्या मेकॅनिकनीच कळवलं. इथल्या दुकानात मेकॅनिक बाई आहे, मनगटापर्यंत काळे हात. तिने जुना क्रँक माझ्या हातात ठेवला आणि दाखवलं की पेडल पहिल्यापासूनच तिरकं बसवलेलं होतं. तिथे उभ्या उभ्या मला रडू आलं. घाबरून नाही. किती बरं वाटलं, ते कुणाला सांगू हेच कळेना.

म्हणून तुम्हाला लिहायला बसले. हा कागद पान्यांच्या डब्यातच राहणार आहे, तेव्हा राहिलेलंही लिहिते. फाटकापाशी तुम्ही त्या सरांना म्हणालात, पोरीला माहीत नव्हतं, तिने बघितलंच नव्हतं. सरांनीच नंतर मला सांगितलं. अण्णा, मी बघितलं होतं. चाक धरून हलवलंही होतं, आणि ते डगडगत होतं. पण समोर मैत्रिणी उभ्या होत्या, गॅदरिंगच्या नाचाची तालीम होती, आणि काळे हात घेऊन मला त्यांच्यात जायचं नव्हतं.