आबांच्या ठोक्यांसाठी डेटाबेस

३ डिसेंबर, असोदा
काल आबांचं तेरावं झालं. पाहुणे गेले. घर झाडलं. मी ठीक आहे.
मागच्या वर्षी दिवाळीत आबांना सिमवालं घड्याळ दिलं होतं. हृदयाचे ठोके दर सेकंदाला माझ्या सर्व्हरवर जमा, सोबत पावलं आणि ठिकाणही. साडेतीन कोटी नोंदी झाल्या. मी अधूनमधून ग्राफ बघायचो. चांगला असायचा. शेवटच्या आठवड्यात काही इशारा होता का, तो माझा बघायचा राहिला का, एवढंच शोधायचं. निव्वळ तांत्रिक प्रश्न. आधी योग्य डेटाबेस निवडणे. चार दिवसांचं काम.

५ डिसेंबर
चाळीसगावहून बहिणीचा फोन. मोहिनी म्हणाली, दादा, जेवलास का? म्हटलं, इंडेक्स बनतोय. म्हणाली, बनू दे, तू जेव.

८ डिसेंबर
पाच डेटाबेसांचा तक्ता केला. रकान्यांना रंग दिले. आज एवढं पुरे.

११ डिसेंबर
पहिला डेटाबेस. सहज पावलं काढली: रोजची सरासरी नऊ हजार. आबांचे गुडघे मला वाटत होते त्यापेक्षा बरेच बरे होते.
मग शेवटची नोंद मागितली. उत्तर: आज सकाळी ६:४०, ठोके ९२. वेळ यूटीसीत, म्हणजे ग्रीनिचची, धरली तर साडेपाच तासांचा फरक पडतो, मान्य. एकवीस दिवसांचा पडत नाही. डेटाबेस बाद.

१४ डिसेंबर
दुसरा. फार वेगवान. आबा गेले तो दिवस, २० नोव्हेंबर, मागितला. पहाटे ५:५० ला ठोके १३८. त्याच वेळी शेजारच्या तोताराम नानांनी फिरायला निघताना आबांना हाक मारली होती, आणि आबा उठले नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, तीनच्या सुमारास गेले. हाही बाद. एवढ्या वेगाने चूक सांगायची काय गरज?

१७ डिसेंबर
तिसरा, चौथा. दोघांच्या मते आबा आज सकाळी मारुतीच्या पारापर्यंत जाऊन आले. पाचवा लावतच नाही. सिम चालू राहिल्याने कचरा येत असणार. सिम बंद केलं. घड्याळ सामानात कुठेतरी असेल.

१८ डिसेंबर, सकाळी ९
तोताराम नाना आले. हातात घड्याळ. म्हणाले, भूपेंद्र, याच्यावर कालपासून फुली येते, पाह्य बरं.
मी विचारलं, हे तुमच्याकडे कधीपासून?
म्हणाले, त्या दिवाळीपासूनच. तुह्या आबानं मले देलं. म्हने, माहे गुडघे चालत नाही अन् पोरगा जळगावात बसून पाह्यते. तू घालून फिर, त्याच्या जिवाले बरं वाटीन.
चहा घेतला का, विचारलं. घेतला म्हणाले. तरी दिला.

दुपारी
सिम पुन्हा चालू केलं. घड्याळ नानांना देऊन आलो. नोंदी साडेतीन कोटी, आबांची एकही नाही. इशारा होता की नव्हता, हे आता कुठल्याच डेटाबेसला विचारता येणार नाही.
दोरीवरचे कपडे वाळले होते. काढले, घडी करून ठेवले.