सुपारी फुटेपर्यंत

प्रिय पिंट्या,

आज वेल्ह्याला आपल्या चुलत्याच्या गणेशची सुपारी होती, लग्न ठरल्याची. घरातला थोरला म्हणून फोडायला माझ्या हातात दिली. मला ती फोडताच आली नाही रे. गाडी काढली, भोरला आलो आणि एसटी डेपोच्या बाकड्यावर बसून तुला लिहितोय.

आठवतंय ना? गोठ्यामागं बाजूला घेऊन म्हणाला होतास, "दादा, अवघड जागी गाठ लागतीय. दुखत न्हाई, पण कडक हाय." लाज गिळून सांगितलंस! आणि मी काय बोललो? "तुझी सुपारी फुटू दे, मग बघू. स्थळ मोडंल. कुठं बोलू नको."

मग भातलावणी आली, पितृपंधरवडा आला, सुपारी लांबतच गेली. पाठ दुखते म्हणालास, तर लावणीनं धरली असेल म्हणून मी बाम चोळला. खोकला थांबेना तेव्हा कुठं पुण्याला नेलं.

वृषणाचा कॅन्सर. पोटात पाठीकडच्या गाठींत गेलेला, तिथून फुप्फुसांत. डॉक्टर म्हणाले, हा पसरला तरी केमोनं पुष्कळ जण बरे होतात, पण तुम्ही फार उशीर केलात. कधीपासून आहे, विचारलं त्यांनी. तू एकदा माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालास, "पाच महिनं झालं. म्याच कुणाला बोललो न्हाई."

असं का केलंस रे? माझं नाव घ्यायचं होतंस!

ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. केस गेले, तर आता दोघं भाऊ सारखे दिसतो म्हणून माझ्या टकलावर हसायचास. तिसऱ्या केमोनंतर खोकला कमी झाला, तू दोन भाकरी खाल्ल्यास, आणि मला वाटलं, सुटलो. तू नव्हे, मी सुटलो. एवढा हलकट आहे तुझा भाऊ. पुढच्या महिन्यात फुप्फुसातल्या गाठी परत वाढल्या आणि मग औषध लागूच पडलं नाही.

आई अजून जेवताना म्हणते, माझ्या लेकानं लपवलं, एका शब्दानं बोलला असता तर. तिच्या शेजारी बसून मी खाली मान घालून जेवतो. रोज.

आता घरी निघतो. आज जेवायला बसायच्या आधी तिला सांगणार आहे, की पिंट्यानं लपवलं नव्हतं, त्यानं मला सांगितलं होतं. मग ती जे बोलेल ते ऐकून घेईन. शब्द देतो तुला.

तू ज्याला सांगितलं होतंस, तो
तुझा दादा