वर्षालीचा इंग्रजी शब्द अन् सखूचं लुगडं

४ सप्टेंबर, बुधवार

वर्षाली अजून गेली नाई! पोळ्याले आलेली नात, म्हणे चार दिवस राहीन. घर कसं भरून गेलं. बोरगाव मेघेले खोली करून इंग्रजीचं मोठं शिकून राह्यली, अन् मी चौथीतच दप्तर ठेवलं. पण आज मलेही एक इंग्रजी शब्द आला — रेपरेशन्स! जीभ दातात अडकून राह्यली. पोरगी हसून हसून लोळली.

तिले वर्गापुढं ह्याच शब्दावर बोलाचं हाय. म्हणे, आजी, लढाईत कोणाचा मुलूख जाळला, कोणाची माणसं गुलाम केली, कोणाची जमीन हिसकली — तं ज्यानं केलं त्यानंच ते भरून द्याचं. त्याले हा शब्द.

तिचा बाप, माझा ओमप्रकाश, जेवता जेवता म्हणाला, "नुकसानभरपाई म्हन ना सरळ! विमावाले देतात तशी."

"बाबा, विमावाल्यानं गारपीट पाडली होती का?"

मी तं ताटावरच हसली! वरण सांडलं. ओमप्रकाश नाई हसला. अर्धी भाकर टाकून उठला.

५ सप्टेंबर

तो काऊन उठला ते मले माहीत हाय. त्याच्या पोरीलेही माहीत हाय. मुद्दामच बोलली.

नाल्याकडच्या आमच्या वावरात एक कोपरा गोंडांचा. कागदावर आमचा, पण माती त्यांची. त्यांच्यात जाळत नाईत, पुरतात, वर दगड ठेवतात. सखूची पोरगी तिथंच हाय. चालाले शिकली होती नुकती, तापानं गेली. मी अन् सखूनं जन्मभर संगं कापूस वेचला, तं मी पाह्यलं ना — जेवाच्या सुट्टीत बाई भाकर घेऊन त्या दगडाजवळ जाऊन बसे. माझे मामंजी अण्णाजी तिथून औत वळवून घेत. म्हणत, माणसं निजली तिथं, उठवू नका.

ह्या उन्हाळ्यात ओमप्रकाशनं तिथं ट्रॅक्टर घातला. सखू रडत आली, तं तिच्या तोंडावर म्हणाला, "दगड? कुठं होते दगड? मी तं नाई पाह्यले."

आता तिथं सोयाबीन हाय. मी घरात कितीदा म्हटलं, खोटं बोलू नको रे. तो टीव्हीचा आवाज वाढवते.

८ सप्टेंबर, रविवार

ओमप्रकाश आज सकाळी सोताहून म्हणाला, "माय, सखूबाईले लुगडं-चोळी देऊन दे. मिटवून टाक." मले इतका आनंद झाला! पोरगं विरघळलं म्हटलं. लगेच एसटीनं आर्वीले गेली. हिरव्या काठाचं घेतलं, सखूले हिरवा आवडते. दुकानदार गुलाबीच दाखवून राह्यला होता, मी म्हटलं, बाबू, लग्न नाई हाय.

सखूनं हात नाई लावला.

"आनंदाबाई, कोनाकडं माती झाली की लोक काय करतात? आधी बसाले येतात. रडतात. मग तेरवीले दुखवट्याचं लुगडं आनतात, का बाई, आता पुरे, दुःख सोड. मायी पोरगी दुसऱ्यांदा गेली. तुमच्या घरचं कोन आलं बसाले? थेट लुगडंच आनलं!"

मी सारं आयुष्य लोकांकडं दुखवटा नेला अन् मले हे कळलं नाई! लुगडं काखेत दाबून परत आली. वाटेत शेजारची शोभाबाई म्हणे, "छान हाय वो काठ, कोनाचं?"

९ सप्टेंबर

वर्षाली म्हणते त्या शब्दात एकच गोष्ट नाई, लय गोष्टी येतात. आधी कबूल करनं. मग जे घेतलं ते देनं. जे देताच येत नाई त्याच्यासाठी काहीतरी करनं. अन् पुन्हा होऊ न देनं.

मी विचारलं, असं कोणाले मिळालं का गं?

"कोनाकोनाले, आजी. बहुतेकांले नाई."

मग शब्द कशाले ठेवला एवढा मोठा?

काल रात्री ताटावर ती बापाले म्हणे, "बाबा, काही देऊ नका. फक्त म्हना, दगड होते."

"तुयी फी कुठून येते? त्याच वावरातून!"

आज पोरगी पहिल्या गाडीनं गेली. मी चिवडा बांधला होता. तो इथंच राह्यला.

१८ सप्टेंबर

सखू बिमार हाय. आज रिकाम्या हातानं बसाले गेली. तिनं भिंतीकडं तोंड केलं. तरी मी बसली. रडली. मग ती भिंतीलेच बोलली —

"पोराच्या, लखनच्या संगं गेलती वावरात. पोरगी कुठं हाय, ते मलेच दिसून नाई राह्यलं. सारं हिरवं, सारखंच. मले तिच्याजवळ ठेवा म्हनत होती, आता कुठं ठेवाल?"

 

१९ सप्टेंबर

ओमप्रकाशले सखूचं बोलणं सांगितलं. उठून सोयाबीनवर फवारा माराले गेला.

२६ सप्टेंबर

वर्षालीचा फोन नाई. लिहावंसं वाटत नाई.

३ ऑक्टोबर

सखू काल गेली. आज तिचा लखन कुदळ घेऊन दारात उभा. म्हणे, "ओमभाऊ, माय म्हने पोरीजवळ ठेवजो. पन जागा कोनालेच सापडत नाई." ओमप्रकाश चप्पल न घालता निघाला, आम्ही मागं मागं. उभ्या सोयाबीनमंधी सरळ आत शिरला, कुठं थांबला नाई, कुठं पाह्यलं नाई. मग गुडघ्यावर बसला अन् हातानं झाडं उपटाले लागला. "इथं, लखन. लहान दगड होता. मीच काढला. इथं."