दुमडलेला कोपरा

मुलुंड, रविवार, १२ जानेवारी. संध्याकाळ.

घराला रंग काढायचा म्हणून स्वातीने आज माळा रिकामा केला. ह्यांच्या जहाजावरच्या जुन्या पेटीत अमेरिकन कॉमिक्सचा गठ्ठा निघाला. एक उघडलं आणि लगेच मिटलं. शी! इतकं चावट? आणि ह्यांच्याकडे?

लेक मात्र खूश. "आई, ही अंडरग्राउंड कॉमिक्स! तिकडच्या मोठ्या प्रकाशकांवर बंधनं होती, म्हणून तिथली चित्रकार पोरं स्वतःच काढायची, छापायची, पोस्टरच्या दुकानांत विकायची. आता ह्या कॉमिक्सवर पुस्तकं निघतात."

"अगं, पण घाणेरडं आहे ना!"

"आहेच. बाबांना आवडायचं, त्याचं काय?"

त्याचं काय, हेच तर कळत नाहीये. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, आता रागवू कोणावर? बाल्कनीत एकटेच खो खो हसायचे. मी स्वयंपाकघरातून विचारायचे, "काय झालं?" "काही नाही गं." ते हेच होतं? मी कॉन्व्हेंटची, मला झेपणार नाही असं वाटलं? की लाजले?

एका पानाचा कोपरा दुमडलेला आहे. त्यावर एक नन भर वर्गात झगा मांडीपर्यंत वर करून फूटपट्टीने पाय खाजवते आहे. तो कोपरा माझ्यासाठी दुमडला होता का? दाखवायचं मनात होतं आणि राहून गेलं?

मघाशी भाजी निवडताना ती नन पुन्हा आठवली. अगदी आमच्या सिस्टरचीच फूटपट्टी! एकदम मोठ्याने हसले.

बाहेरून स्वाती ओरडली, "आई, काय झालं?"

मी पटकन म्हणाले, "काही नाही गं."