दुसऱ्या कुलपाची चावी

मोताळ्याजवळून,
ता. १२ मे १९६६

पंजाबराव व्याही यांना इंद्रभानचा मनापासून रामराम. इकडे आम्ही सारे ठीक आहोत. तुम्ही नांदुऱ्याला धाकट्या लेकाकडे खुशाल असाल. माझं अक्षर फार मोठं आलं आहे आणि ओळी उधळलेल्या बैलासारख्या कुठेही गेल्या आहेत. तेवढं चालवून घ्या.

तुमची गाय व्याली, कालवड झाली. कौशल्याबाई विहीणबाई खरवस घेऊन आल्या होत्या. आम्ही पोटभर खाल्ला, त्यांनी मात्र तोंडही लावलं नाही. तुमच्या जावयाचं, निवृत्तीचं, पलटणीतून पत्र आलं, तिकडे अजून थंडी आहे म्हणतो. उन्हानं इथं कौलं तडकायला आली.

आता गोदामाचं. तुम्ही म्हणाल, आला म्हातारा वळणावर. आलोच.

आपल्या सोसायटीच्या गोदामाची चावी आधी चहाच्या हॉटेलातल्या खुंटीला लटकलेली असायची. ज्याला पाहिजे त्यानं काढावी. तुमची लेक, आमची सून कोकिळा गोदाम सांभाळू लागली आणि पहिल्याच महिन्यात तिनं दाराला दोन कुलपं लावायला लावली. एक चावी तिच्याजवळ, दुसरी पंचांतर्फे माझ्याजवळ. दोघं आल्याशिवाय दार उघडायचं नाही. कुलपांसोबत आलेल्या जादा चाव्या सगळ्यांसमोर लाखेनं बंद करून तालुक्याच्या बँकेत ठेवल्या. गाव हसलं. पण त्यानंतर गोदामातून एक पोतं इकडचं तिकडं झालं नाही, हेही गावच सांगतं.

आखाजीच्या सणादिवशी तुम्ही संकरित ज्वारीच्या बियाण्यासाठी गाडी जुंपून आलात. मी म्हटलं, गुडघा धरला आहे, ही माझी चावी घ्या आणि तिला द्या. पुढचं मला लोकांनी सांगितलं.

"चावी आली बाबा, पन चावीवाला कुठं हाय?"

"अवो, मी बाप हाय तुहा!"

"घरी बाप. इथं तुम्ही बियानं न्यायले आले."

चार गाडीवाले खदखदून हसले. तुम्ही रिकामी गाडी वळवली आणि दुसऱ्याच दिवशी नांदुरा गाठलं. कोकिळा माझ्या हातात चावी ठेवून चुलीपुढे जाऊन बसली. भाकरी थापत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. मी म्हणालो, "उघडून देल्लं असतं तं काय झालं असतं?" ती म्हणाली, "मामाजी, आज बापासाठी उघडलं असतं, तं उद्या दुसऱ्याच्या बापाले कोन्या तोंडानं नाही म्हनू?"

परवा सोसायटीची बैठक झाली. तिथं ती उभी राहून म्हणाली, दोन्ही चाव्या एका घरात असणं बरोबर नाही, दुसरी बाहेर द्या. अध्यक्ष जानराव म्हणाले, "मंग कोनाले द्यावं? तूच सांग."

"बाबाले."

"अवो, ते तं तुह्याशी बोलत नाहीत!"

"म्हनूनच. माह्यासंगं मिळून ते एक दाना हलवनार नाहीत."

सारे हसले. ती हसली नाही. म्हणाली, "घरी गुळाच्या कोठीची चावी बाबाच्या करदोड्याले राहे. आईनं मागितली तरी हातात देत नव्हते. जेवताजेवता उठत, सोता कोठी उघडून देत. मी दुसरं कोनाचं पाहून शिकली?"

पंजाबराव, मग जानरावांनी दुसरी चावी तुमच्या नावे लिहून घेतली.

आता तुम्हाला एकट्यालाच सांगतो. माझा गुडघा चांगला आहे. डोळ्यांत मोतीबिंदू आला आहे. कुलपाचं भोक दिसत नाही. त्या दिवशी व्याह्यासमोर दारात चाचपडावं लागू नये, म्हणून चावी तुमच्या हाती दिली. मला वाटायचं, हे कोणालाच ठाऊक नाही. पण गेल्या महिन्यात माझ्या चावीच्या वरच्या बाजूला एक जाडसर दोरा बांधलेला सापडला. बोटाला लागला की वरची बाजू कळते. बांधणारी कोण, ते सांगायला नको. सकाळी दारात माझा हात चाचपडतो, तेव्हा ती रस्त्याकडे पाहत उभी राहते. माझ्या हातातली चावी तिनं एकदाही घेतली नाही. बैठकीतही तिनं 'एका घरात दोन चाव्या' एवढंच कारण दिलं. माझ्या डोळ्यांचं नाव काढलं नाही. अशी लेक तुम्ही आम्हाला दिलीत.

मी आता बुलढाण्याला डोळा दाखवायला निघालो आहे. मृग तोंडावर आला. बियाणं आत आहे आणि गाव बाहेर उभं आहे. तुम्ही दुसऱ्या कुलपाशी उभे राहा. तिच्याशी बोलायलाच पाहिजे असं नाही. रोज सकाळी एका दारापुढे दोघांनी उभं राहायचं, एवढंच काम आहे.

चावी या पत्रात घातलेली नाही आणि कोणाच्या हातीही पाठवणार नाही. एकदा पाठवून पाहिली. ती घ्यायला तुम्हालाच यावं लागेल. दोरा मी सोडलेला नाही.

तुम्ही येईपर्यंत चावी मुठीत धरून बसलेला,
इंद्रभान