चिकूत सुभग आहे

८ मार्च, रवि.
आज पुन्हा. चहाच्या वेळी, मागच्या परसात, चिकूच्या दाट पानांत कुठेतरी. लांब बारीक शीळ आणि शेवटी खाली उतरणारा सूर. टीऽऽऽ-चू. मान मोडेपर्यंत वर पाहिलं, दिसत नाही. मन्या म्हणतो, बाबा, काहीही वाजत नाहीये, आयुष्य गिरणीच्या लूमखात्यात, मागांच्या खडखडाटात गेलं, तोच आवाज तुमच्या कानात राहिलाय. पोटचा पोरगा बापाच्या कानाचं निदान करतोय. दिवाळीत रिटायर झालो, आत्ता कुठे शांतता मिळाली, तर तिच्यात पक्षीही ऐकायचा नाही?

११ मार्च, बुध.
मन्याने चिकूखाली मोबाइल ठेवून रेकॉर्डिंग केलं. त्यात कंपनीचा भोंगा, कुसुमची भांडी, माझं खाकरणं. पक्षी नाही. बारीक आवाज मोबाइलला पकडता येत नसेल. शेजारचा गोरखपूरचा भाडेकरू रात्रपाळी करून आला होता, त्याला विचारलं. "अंकल, अपने सरावली गाँव में तो सिर्फ कौवा है." झोपेत असलेल्याला काय ऐकू येणार.
कुसुम कशातच पडत नाही. माझ्याकडे बघते नि भाजी चिरते. इतक्या वर्षांची बायको, एक शब्द माझ्या बाजूने नाही.

१४ मार्च, शनि.
वाचनालयातून पक्ष्यांचं पुस्तक आणलं. दयाळ नाही, तो गाणं लांबवतो. शिंपी नाही, तो एकदा लागला की थांबत नाही. आपला एकदा बोलून गप्प. मग सापडला. सुभग. चिमणीपेक्षा लहान, हिरवा-पिवळा, पानांत बसला की दिसतच नाही. मोबाइलवर त्याची शीळ लावली, आवाज पूर्ण मोठा करून. तोच! मन्याला ऐकवली. म्हणाला, हा मोबाइलमधला झाला, झाडातला कुठाय?

१७ मार्च, मंगळ.
पालघरला कानाचे डॉक्टर. बंद खोलीत बसवून कानात शिट्ट्या वाजवल्या. बारीक आवाज मला येतच नाहीत म्हणे. मग हा कसा येतो, विचारलं, तर मन्याकडे बघून हसले. निघताना म्हणाले, शीळ सुरू झाली की दोन्ही कान दाबून बघा. कमी झाली तर बाहेरची, तशीच राहिली तर आतली. आणि सोमवारी कानाचं मशीन बसवायला या.
नाही दाबणार.

१९ मार्च, गुरु. पाडवा.
गुढी उभारताना आला. हात कानापर्यंत गेले होते. खाली घेतले, साखरेची गाठी बांधली. भीती वाटते, लिहून टाकतो. आतला निघाला तर माझा लूम मरेपर्यंत बंद व्हायचा नाही. मन्या चिडला. "बाबा, एकदा दाबून बघायला तुमचं काय जातं?" काय जातं ते त्याला कळायचं नाही. मशीन नको आणि परीक्षाही नको. चिकूत सुभग आहे.

२२ मार्च, रवि.
मशीनसाठी मन्याने उद्याची रजा टाकलीय, मला न विचारता. संध्याकाळी परसात बसलो होतो, कुसुम शेजारी येऊन बसली. तेवढ्यात तो बोलला. मी वर पाहिलं. तीच म्हणाली, "मला पन ऐकू येते. तुमी काय येडे नाय."
माझी समजूत काढतेय असं वाटलं. रागच आला. म्हटलं, येते ना, मग करून दाखव.
पदराने तोंड पुसलं आणि शीळ घातली. हिला शीळ घालता येते हे मला आज कळलं. केळव्याच्या वाडीत लहानपणी शिकली असणार. स्वच्छ, गोड. पण माझा शेवटी खाली उतरतो, हिचा वर चढला.
ती माझ्याकडे बघत होती, बरोबर आलं का म्हणून. खोटं बोलतेस का, विचारलं नाही. बरोबर, म्हटलं.
आत जाऊन मन्याला सांगितलं, रजा रद्द कर, मला उद्या वेळ नाही. परसात दोन पक्षी आहेत आणि दुसऱ्याचं नाव अजून शोधायचंय.